लाइनर बसवलेल्या ब्लॉकमधले पाणी जाते कुठे?

वाचकांचे प्रश्न, कार्यशाळेची उत्तरे

प्रश्न : आम्ही तिघे मित्र वाळूज औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. होंडाच्या बी-१६ इंजिनाची एक गाडी आम्ही ड्रॅग रेससाठी बांधतो आहोत. ब्लॉकमधले मूळचे ८१ मिलिमीटरचे सिलिंडर कापून काढून तेथे डक्टाइल आयर्नचे वेट लाइनर (बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या लोखंडी नळ्या) बसवले, बोअर ८४ मिलिमीटर केला आणि टर्बो लावला. लाइनर बसवण्याचे काम बाहेरच्या एका वर्कशॉपकडून करून घेतले. इंजिन पहिल्यांदा सुरू केले तेव्हा सारे ठीक वाटले. नंतर चाचणीसाठी दोनदा पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबावर, गाडी पळवली, तर दोन्ही वेळा रेडिएटरची ओव्हरफ्लो बाटली भरून वाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक काढून पाहिली, तर तेल दुधाळ झालेले. हेड उतरवून नवे गॅस्केट टाकले, तरी पुन्हा तेच. आता एक मिस्त्री म्हणतात की रेडिएटरमध्ये गळती बंद करणारे औषध टाका, दुसरे म्हणतात की हेड पुन्हा फेस करा (सपाट कापून घ्या) आणि तिसरे म्हणतात की ब्लॉक भंगारात घाला. आपण मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या एकत्र आल्यामुळेच तुम्हाला तिघांचे तीन सल्ले मिळाले आहेत. तेल दुधाळ झाले याचा अर्थ पाणी खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते आहे. बूस्टवर बाटली भरून वाहते, त्या वेळी मात्र पाणी गळत नसते. सिलिंडरमधला जळता वायू हेड गॅस्केटच्या फटीतून पाण्यात घुसतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो. पहिली खोड लाइनरच्या बुडाशी आहे आणि दुसरी त्याच्या तोंडाशी. असे असले तरी दोन्हींचे मूळ एकाच जागी असण्याचा संभव मला अधिक वाटतो. ती जागा म्हणजे लाइनरच्या कॉलरची, म्हणजे वरच्या रुंद कडेची, बैठक. लाइनर त्या बैठकीवर पूर्ण टेकलेला नसला, तर प्रत्येक स्फोटाला तो केसभर हलतो. वर गॅस्केटवरची त्याची पकड सुटते आणि खाली ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) घासली जाते. गॅस्केट बदलून काही फरक पडला नाही, याचे कारण गॅस्केटचा दोषच नसावा.

पुढचे काही करण्याआधी एक कळकळीची विनंती आहे. हे इंजिन आता सुरू करू नका आणि स्टार्टरही मारू नका. तुमच्या मापांच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४२९ घनसेंटिमीटर होते. कॉम्प्रेशन ९ ला १ धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ५४ घनसेंटिमीटरची असते, म्हणजे अर्धा कप चहा मावेल एवढीच. तेवढे पाणी रात्रभरात पिस्टनवर साचले असेल, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारही स्पार्क प्लग काढा आणि क्रँक पान्याने हाताने फिरवून पाहा. ज्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसेल, तेथे पाणी शिरते आहे असे समजा. तेलात कूलंटमधले ग्लायकॉल मिसळले असल्यास बेअरिंग शेल फार लवकर खराब होतात. म्हणून नुसते तेल बदलून भागणार नाही, शेल काढून पाहावे लागतील.

आता औषधाबद्दल. अशा बऱ्याच औषधांत सोडियम सिलिकेट असते. ते गरम फटीपाशी आले की काचेसारखा थर धरते आणि हलत नसलेली बारीक चीर काही काळ बंदही होते. तुमची गळती हलणाऱ्या सांध्यातली आहे. तेथे थर धरेल, पुढच्या धावेत तडकेल, आणि तोवर रेडिएटरच्या बारीक नळ्या व थर्मोस्टॅट मात्र चोंदलेले असतील. शिवाय नंतर लाइनर काढायची वेळ आली, म्हणजे बैठकीवरचा तो थर खरवडून काढणे हे आणखी एक काम वाढते. माझे मत स्पष्ट आहे : स्पर्धेच्या इंजिनात हे औषध घालू नये.

गळतीची जागा शोधण्याआधी या ब्लॉकची रचना लक्षात घ्या. बी-१६ चा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि वरून उघडा असतो, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकाभोवती सर्व बाजूंनी पाणी असते आणि सिलिंडर विहिरीत उभ्या केलेल्या नळासारखा मोकळा असतो. साध्या गाडीला हे चालते, पण टर्बोच्या दाबाने तो वरचा भाग डोलू लागतो. म्हणून रुंद कॉलरचे लाइनर बसवतात. चारही कॉलर एकमेकींना सपाट बाजूने भिडतात, उघडी जागा बंद होते आणि पाणी हेडकडे जाण्यापुरती लहान भोके राहतात. लाइनरच्या बुडाशी खाचांमध्ये ओ-रिंग असतात. त्यांच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला चेंबरमधले तेल. यावरून पाण्याच्या वाटा मोजक्याच उरतात : बुडाची ओ-रिंग, कॉलरची बैठक, हेड गॅस्केटचा पृष्ठभाग, हेड आवळणाऱ्या स्टडची भोके आणि ब्लॉकच्या ओतकामातलीच एखादी चीर किंवा सच्छिद्रता.

गळती शोधताना हेड काढण्याची घाई करू नका, कारण हेड निघाले की अर्धा पुरावा जातो. गाडी उंच करून ऑइल चेंबर उतरवा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा आणि टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकाच, म्हणजे बहुधा १.१ बारच्या आसपास दाब भरून ठेवा. खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि निदान दोन तास थांबा. बॅटरीने खालून एकेका लाइनरच्या बुडाकडे पाहा. पाणी लाइनरच्या बाहेरच्या अंगाने ओघळत असेल, तर ओ-रिंग गेली आहे. पिस्टनच्या बाजूने, म्हणजे बोअरच्या आतून ठिबकत असेल, तर ते वरून गॅस्केटमधून येते आहे. आणि मेन बेअरिंगजवळच्या भिंतीतून झिरपत असेल, तर ब्लॉकच फुटला आहे. पुठ्ठ्यावरचा डाग कोणत्या सिलिंडरखाली पडला, हे पेनाने लिहून ठेवा. थंड इंजिनात काहीच दिसले नाही, तर निराश होऊ नका. पाणी बाहेर तापवून ८० अंशांच्या आसपास आणून भरा आणि हीच तपासणी पुन्हा करा, मात्र हातमोजे घाला आणि दाब पूर्ण सोडल्याशिवाय टोपीला हात लावू नका.

गरम केल्यावर गळती का दिसते, याचे उत्तर गणितात आहे आणि ते गणित प्रत्येक मिस्त्रीने एकदा तरी कागदावर करून पाहावे असे मला वाटते. अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग वाढते, ओतीव लोखंड त्याच्या जवळपास निम्मे. लाइनरच्या बुडाचा बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर धरला आणि इंजिन ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले, तर ब्लॉकचे भोक लाइनरपेक्षा सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. २.५ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग अर्धा मिलिमीटर दाबून बसवलेली असेल, तर या फरकाने तिचे काही बिघडत नाही. पण भोक मोठे कापले गेल्याने ती जेमतेम ०.०५ दाबली गेली असेल, तर गरम झाल्यावर तिची पकड नावालाच राहते. पहिल्यांदा इंजिन सुरू केले तेव्हा सारे ठीक वाटले, असे तुम्ही लिहिले आहे. त्याची संगती येथे लागते.

उभ्या दिशेचे गणित याहून महत्त्वाचे आहे. लाइनर वरच्या कॉलरवर टेकलेला असेल आणि कॉलरची जाडी १० मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच तापमानवाढीने कॉलर ब्लॉकच्या तोंडाखाली फक्त ०.००८ मिलिमीटर जाते, जे गॅस्केट सहज सांभाळते. परंतु वरची बैठक खोल कापली गेल्यामुळे लाइनर कॉलरऐवजी खालच्या पायरीवर, म्हणजे समजा ११० मिलिमीटर खोलीवर टेकला असेल, तर हाच फरक ०.०९ मिलिमीटर होतो. थंड असताना डायल गेज सपाट दाखवतो, आणि शर्यतीच्या पट्टीवर गाडी उभी असते तेव्हा लाइनर गॅस्केटपासून दूर गेलेला असतो. कॉलर नक्की कोणत्या जागी टेकते आहे, हा प्रश्न वर्कशॉपला विचारायलाच हवा होता. आता लाइनर काढल्यावर तुम्ही स्वतः मोजा. टूलरूममधल्या माणसाला डेप्थ मायक्रोमीटर काही नवा नाही.

हेड उतरवल्यावर पहिले काम डायल गेजचे. लाइनरचे तोंड आणि ब्लॉकचे तोंड यांतला फरक प्रत्येक लाइनरवर निदान चार जागी मोजा आणि शेजारच्या दोन कॉलर जेथे भिडतात तेथे वेगळा मोजा. चारही लाइनर एकसारखे ०.०२ वर असतील तर फारशी चिंता नाही. एकच लाइनर एका बाजूला ०.०३ वर आणि दुसऱ्या बाजूला ०.०२ खाली असेल, तर चोर सापडला. नवे गॅस्केट टाकून किंवा हेड फेस करून हा तिरकेपणा जात नाही, म्हणून दुसऱ्या मिस्त्रींचा सल्लाही मी बाजूला ठेवतो.

जालन्याला माझे स्वतःचे बोअरिंगचे काम होते, तेव्हा जनरेटरचा एक ब्लॉक माझ्याकडे तीनदा परत आला. दोनदा मी ओ-रिंग बदलून दिल्या. तिसऱ्यांदा कॉलरच्या खालच्या अंगाला निळा रंग लावून लाइनर बैठकीवर ठेवला, पाव फेरा फिरवला आणि उचलला. बैठकीवर दोन तृतीयांश वर्तुळात निळी खूण उमटली होती आणि उरलेला भाग कोरा चमकत होता. त्या कोऱ्या भागाच्या मधोमध, बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात, पापणीच्या केसाएवढा लोखंडाचा किस दाबून बसला होता. तो माझ्याच बोअरिंग मशीनचा होता. त्या किसाने कॉलर एका बाजूने उचलून धरली होती आणि तेवढी बाजू अधांतरी होती. त्यानंतर मी कोणताही लाइनर निळी खूण पूर्ण वर्तुळात पाहिल्याशिवाय बसवला नाही. तुम्हीही तो नियम करा.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. चारही लाइनर काढा. एकच काढून चालणार नाही, कारण कॉलर एकमेकींना भिडलेल्या असतात आणि एक हलली की शेजारची हलते. बैठका चारही एकाच पातळीवर पुन्हा हलक्या कापून घ्या आणि कोपऱ्यात गोलाई उरू देऊ नका, नाहीतर कॉलरची धार तिच्यावर चढते. ओ-रिंग ज्या भोकात शिरते त्याच्या वरच्या कडेला उतार द्या. तीक्ष्ण कडा रबराची साल काढते आणि ती साल कोणालाही दिसत नाही. ओ-रिंग व्हायटॉनची घ्या, कारण तिला एका बाजूने तेल लागते. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम असले तरी तेलात फुगते. रिंग तिच्या जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतकी दाबली जावी आणि खाचेत थोडी मोकळी जागा उरावी. रबर दबते म्हणजे आकार बदलते, आकुंचन पावत नाही. खाच गच्च भरली तर ते लाइनरलाच आत ढकलते आणि बोअर अंडाकृती होतो.

लाइनर हातोड्याने ठोकून बसवू नका. ब्लॉक तापवा आणि लाइनर थंड करा. वाळूजमध्ये पावडर कोटिंगच्या भट्ट्या आहेत. त्यांपैकी एखाद्या ओळखीच्या ठिकाणी भट्टी १३० अंशांवर लावून ब्लॉक तासभर ठेवू दिला, तर ९० मिलिमीटरचे भोक खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर मोठे होते आणि फ्रीझरमधून काढलेला लाइनर हाताने आत उतरतो. लाइनर टेकला की काम झाले असे समजून अनेकजण हात झटकतात, आणि नेमके तेथेच चुकते. ब्लॉक थंड होत जातो तसा लाइनरला आवळतो आणि त्या ओढीत लाइनर थोडा वर उचलला जाऊ शकतो. म्हणून चारही लाइनरवर जाड पट्टी टाकून ती स्टडनी आवळून ठेवा आणि ब्लॉक पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तशीच राहू द्या.

त्यानंतर ब्लॉकचे तोंड फेस करायचे. येथे एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेड आणि ब्लॉक दगडी चाकावर घासतात. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकाच पृष्ठभागावर असताना अॅल्युमिनियम चाकात भरते, चाक तापते आणि मऊ धातू ओढला जातो. अशा ब्लॉकला मिलिंगवर एका टोकाच्या कटरने, हलक्या कापाने घ्यावे. अनेक थरांच्या स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग एक मायक्रॉनच्या आत गुळगुळीत लागतो. नखाने ओरखडा जाणवला तर पुन्हा कापा. बोअरचे होनिंग (आतून बारीक घासणे) मात्र टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच करा. हेड आवळल्यावर सिलिंडरचा जो आकार होतो तोच होनिंगच्या वेळी असला पाहिजे.

स्टडबद्दल थोडे. काही ब्लॉकमध्ये स्टडची भोके मुळातच पाण्यात उघडतात, काहींत बंद असतात. पण रुंद कॉलरसाठी जागा कापताना बंद भोकाची भिंत पातळ होऊन फुटण्याचा संभव असतो. प्रत्येक भोकात हवा मारून पाहा. फुटलेले भोक सापडले तर आटे तेलमुक्त करून त्यांवर थ्रेड सीलंट लावा. येथे सीलंट योग्य आहे, कारण येथे सांधा हलत नाही.

सगळे झाल्यावर, इंजिन जोडण्यापूर्वी, ब्लॉकच्या पाण्याच्या सर्व तोंडांना रबर लावून लोखंडी पट्ट्या आवळा, ब्लॉक गरम पाण्याच्या टाकीत बुडवा आणि आत २ बार हवा सोडा. बुडबुड्यांची एक ओळ जरी दिसली, तरी काम थांबवा. ओतकामाच्या सच्छिद्रतेतून हवा येत असेल, तर तो ब्लॉक निर्वातात राळ भरून बंद करता येतो. चीर असेल तर ती कोठे आहे यावर सारे अवलंबून आहे; मेन बेअरिंगच्या भिंतीतली चीर असल्यास मी तिसऱ्या मिस्त्रींच्या बाजूने जाईन.

राहिली ओव्हरफ्लोची बाटली. बैठक नीट झाल्यावरही ती बूस्टवर भरत असेल, तर हेड उचलले जाते आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरा. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला की निळा रंग पिवळा होतो. मात्र साध्या आयडलिंगवर रंग बदलला नाही म्हणून हुरळून जाऊ नका, कारण ही गळती केवळ पूर्ण दाबावर होते. उपाय आहेत : चांगल्या पोलादाचे स्टड, टप्प्याटप्प्याने आवळणे, आणि सर्वांत आधी इंजिनचे ठोकणे थांबवणे. इग्निशन फार पुढे घेतलेले असेल किंवा बूस्टच्या मानाने पेट्रोल कमी पडत असेल, तर सिलिंडरमधला दाब इतक्या झटक्याने वाढतो की कोणतेही गॅस्केट टिकत नाही. गॅस्केटला दोष देण्याआधी इंधनाचा हिशेब पाहा.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीवर असतो. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की दोन ट्रॉल्या रोज ओढाव्या लागतात. मागच्या हंगामात रेडिएटरमध्ये रोज लिटरभर पाणी कमी होऊ लागले आणि चेंबरमधले तेल वर चढू लागले. लाइनर-पिस्टनचा नवा किट टाकला, तरी दोन महिन्यांत तीच तक्रार. ड्रॅग रेसच्या गाड्यांबद्दल आपण लिहिता. आमच्या ट्रॅक्टरलाही काही सांगावे.
– एक शेतकरी, माजलगाव तालुका

उत्तर : तुमच्या ट्रॅक्टरचा लाइनर आणि वरच्या वाचकाचा लाइनर यांत फारसा फरक नाही, दोघांनाही बाहेरून पाणी, वर कॉलर आणि खाली ओ-रिंग आहे. फरक इतकाच की त्यांचे इंजिन एका धावेत काही सेकंद ताणले जाते आणि तुमचे चार-पाच महिने. म्हणून चेंबर उतरवून पुठ्ठा पसरण्याची वर सांगितलेली तपासणी तुम्हीही करा. काही ब्लॉकला दोन ओ-रिंगांच्या मध्ये बाहेर उघडणारे एक बारीक भोक असते. ते चिखलाने आणि तेलाने बुजलेले असते, ते तारेने मोकळे करा. तेथून पाणी ठिबकले तर वरची ओ-रिंग गेली, तेल ठिबकले तर खालची. ही खूण बनवणाऱ्यानेच ठेवलेली आहे, पण तिच्याकडे पाहतो कोण?

नव्या किटनंतर दोन महिन्यांत तक्रार परत आली, यावरून मला ब्लॉकमधल्या बैठकीची शंका येते. लाइनर नवा येतो, बैठक जुनीच राहते. वर्षानुवर्षांच्या मारामुळे बैठक एका बाजूने खचते आणि लाइनर ब्लॉकच्या तोंडापासून जितका वर राहायला हवा तितका राहत नाही. डिझेलच्या वेट लाइनरला हा उंचवटा मुद्दाम दिलेला असतो, मिलिमीटरच्या काही शतांशांचा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात त्याचा आकडा असतो आणि तोच प्रमाण मानावा. नवा लाइनर ओ-रिंग न घालता नुसता बैठकीवर ठेवून तो मोजा. कमी भरला तर बैठक कापून कॉलरखाली योग्य जाडीची पातळ चकती घालावी लागते. तुमच्या मिस्त्रींनी किट टाकताना डायल गेज लावला होता का, हे त्यांना आदराने विचारा.

दुसरी गोष्ट, काढलेला जुना लाइनर फेकून दिला नसेल तर त्याची बाहेरची बाजू धुऊन उन्हात नेऊन पाहा. पिस्टन ज्या बाजूला रेटा देतो त्या बाजूला टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे खड्डे एका उभ्या पट्ट्यात दिसतील. प्रत्येक स्फोटाला लाइनरची भिंत थरथरते, तिच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते फुटणे लोखंड पोखरत जाते. एक दिवस खड्डा आरपार होतो आणि पाणी थेट बोअरमध्ये येते. ओ-रिंग कितीही चांगली असली तरी ही गळती थांबत नाही. यावर उपाय आहे तो पाण्याचा. आपल्याकडचे पाणी काळ्या पाषाणातल्या बोअरचे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरलेले. ते रेडिएटरमध्ये ओतले की लाइनरभोवती पांढरा थर धरतो, भिंत तापते आणि थराखाली गंज चढतो. डिस्टिल्ड पाण्यात डिझेल इंजिनासाठीचे कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून भरा; त्यातली रसायने लाइनरवर जो पातळ थर धरतात, तो बुडबुड्यांचा मार झेलतो. रोज लिटरभर साधे पाणी वरून टाकत गेलात तर महिन्याभरात कूलंट नावालाच उरते, म्हणून आधी गळती बंद करा, मग कूलंट भरा. हंगामात ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी किती नुकसान होते, हे मला ठाऊक आहे. तरीही तेल दुधाळ दिसत असताना तो ओढत राहू नका, क्रँकचा खर्च लाइनरच्या कितीतरी पट असतो. इंजिनाला ऑइल कूलर असेल, तर तो फुटूनही पाणी आणि तेल एकत्र येते. लाइनर काढण्यापूर्वी तो वेगळा काढून दाबाखाली तपासा.

प्रश्न : मी नांदेडला ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकतो. ड्रॅग रेसच्या इंजिनांत पाण्याच्या पोकळीत सिमेंटसारखा भराव घालतात असे ऐकले. त्याने गळती कायमची बंद होते का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : भराव घालतात हे खरे आहे, पण त्याचा हेतू गळती बंद करणे हा नसतो. पोकळीचा खालचा भाग भरला की सिलिंडर कमी डोलतात आणि बोअर गोल राहतो. वरच्या भागातून पाणी फिरत राहते, म्हणून गाडी रस्त्यावरही थोडीफार चालते; तेल मात्र अधिक तापते. पोकळी पूर्ण भरली तर ते इंजिन केवळ थोड्या वेळाच्या धावेपुरते उरते. अमेरिकेत ज्या टॉप फ्युएल गाड्या धावतात, त्यांच्या अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटाच नसतात, लोखंडी लाइनर थेट धातूत दाबून बसवलेले असतात. १९५१ साली स्थापन झालेल्या एनएचआरए या तिथल्या ड्रॅग रेसच्या संघटनेच्या स्पर्धांत या गाड्या २००८ पासून पाव मैलाऐवजी १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर धावतात. एवढ्या अंतराला चार सेकंदांपेक्षाही कमी वेळ पुरतो आणि तेवढ्यात इंजिनाला थंड करणारे मुख्यतः भरपूर मारलेले इंधनच असते.

वेट लाइनरच्या ब्लॉकमध्ये भराव घालू नये असे मी म्हणेन. भरावाने बुडाची गळती झाकली जाईल, पण लाइनर ब्लॉकशी जखडला जाईल आणि पुढे एखादा बदलायची वेळ आली तर ब्लॉक फोडावा लागेल. ज्या ब्लॉकचे सिलिंडर अखंड ओतलेले आहेत तेथेच भराव शोभतो. तो बोअरिंगच्या आधी आणि टॉर्क प्लेट आवळून घालावा, आणि पूर्ण कडक झाल्यावरच बोअरला हात लावावा, कारण कडक होताना तो भिंतीवर रेटा देतो. स्पर्धेच्या गाडीत पाणी भरणारच असाल, तर ओव्हरफ्लोला निदान अर्ध्या लिटरची बाटली जोडा आणि ग्लायकॉलऐवजी साध्या पाण्यात गंजरोधक मिसळा. ग्लायकॉल पट्टीवर सांडले की तेथे टायरची पकड राहत नाही, आणि ते अनेक ठिकाणी चालू देत नाहीत. मागून येणारी गाडी त्याच जागेवरून धावणार असते.